पोटाचा विकार, सांध्यांचा आजार आणि एक पिवळी गोळी

(वर्षावासातील रविवारच्या प्रबोधनमालेत विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही चार शब्द सांगणार आहोत. फळ्यावर विषय वाचून एक-दोघांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, विहारात गोळ्या-औषधांचं भाषण कशाला? महाडवर बोला, पुणे करारावर बोला. त्यावर तर आपण दरसाल बोलतोच आणि बोलतच राहू. पण मागच्या दोन वर्षांत आपल्याच वस्तीत काय काय झालं ते आम्ही पाहिलं. तेव्हा ठरवलं की यंदा हाच विषय घ्यायचा.

आणि विहारात हा विषय परका आहे असं कोण म्हणतं? विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही तो घेतला आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता. पाली शब्द आहे कुच्छिविकार. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. जवळ कोणी नव्हतं. भगवान आनंदाला घेऊन तिथं आले आणि विचारलं, तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही? तो म्हणाला, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नाही. मग भगवंतांनी स्वतः पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं आणि दोघांनी डोक्याकडून-पायाकडून धरून त्याला खाटेवर ठेवलं. ही गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो, हात जोडतो आणि घरी जातो. पण तिच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. चांगला रुग्ण कोण, हेही भगवंतांनी तिथंच सांगितलं आहे. जो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणं धीराने सोसतो आणि आजार वाढला की कमी झाला की तसाच आहे, हे शुश्रूषा करणाऱ्याला खरं खरं सांगतो, तो. आम्ही आज जे बोलणार ते या खरं सांगण्याबद्दल.

आम्ही डॉक्टर नाही. नववीतून शाळा सुटली, गिरणीत लागलो, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि मोर्च्यात झालं. तेव्हा आमचं ऐकून कोणी गोळी सुरू करू नये आणि बंद तर मुळीच करू नये. आम्ही फक्त जे वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं आणि घरात भोगलं तेवढंच सांगतो.

गोळीचं मूळ नाव सल्फासलाझिन. बाजारात ती सालाझोपायरिन, साझ अशा नावांनी मिळते. पिवळसर-नारिंगी रंगाची, बहुतेक ५०० मिलिग्रॅमची. दोन आजारांना ती देतात. एक संधिवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, तास-तासभर मूठ वळत नाही, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, तो. वयोमानाने गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. त्या झिजेवर ही गोळी कामाची नाही. दुसरा आजार मोठ्या आतड्याचा, अल्सरेटिव्ह कोलायटिस. आतड्याला आतून सूज आणि जखमा, शौचावाटे रक्त आणि आव, दिवसातून दहा-दहा वेळा जावं लागतं, रात्रीसुद्धा उठवतं.

पोट कुठं आणि बोटं कुठं? एकच गोळी दोन्हीकडे कशी, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. तेव्हा तिचा इतिहास वाचला. स्वीडनमध्ये नाना स्वार्त्झ नावाच्या डॉक्टर बाई होत्या. १९३७ साली त्या स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. त्या देशातल्या सरकारी विद्यापीठातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक त्याच. संधिवात जंतूंमुळे होत असावा अशी त्या काळी समजूत होती. म्हणून बाईंनी जंतू मारणारं सल्फा औषध आणि सूज उतरवणारं ॲस्पिरिनच्या कुळातलं औषध, अशी दोन औषधं एकाच रेणूत जोडून घेतली. दिली संधिवाताला, पण ज्यांना आतड्याचा आजार होता त्यांचंही पोट सुधारलेलं दिसलं. १९४२ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केलं. पुढं संधिवातासाठी ती गोळी मागे पडली आणि १९८० च्या सुमारास इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी ती पुन्हा वापरात आणली.

दोन औषधं ज्या सांध्याने जोडली त्याला ॲझो बंध म्हणतात. हा शब्द वाचून आम्ही थबकलोच. गिरणीच्या रंगखात्यात ज्यांनी काम केलंय त्यांना ॲझो रंग माहीत आहेत. सूत लाल, पिवळं, नारिंगी करणारे ते रंग त्याच रासायनिक कुळातले. गोळीचा नारिंगी रंग त्यातूनच येतो. हा बंध पोटात, लहान आतड्यात फारसा तुटत नाही. गोळी मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू तो तोडतात आणि दोन्ही भाग सुटे होतात. सूज उतरवणारा भाग बहुतेक तिथंच राहून आतड्यावर काम करतो. सल्फाचा भाग रक्तात जातो. आतड्यावर नेमका कोणता भाग काम करतो हे १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये सिद्ध झालं आणि ते करणाऱ्यांत आपल्या शेजारच्या बांगलादेशाचे डॉ. आझाद खान होते. त्यातूनच पुढं सल्फा वगळून नुसत्या पहिल्या भागाचं औषध आलं, मेसालामिन. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. संधिवातात मात्र सल्फाच्या भागाचाच वाटा मोठा असावा असं मानतात, म्हणून मेसालामिन सांध्यांना चालत नाही.

आता आमच्या घरचं. आमच्या मंडळींची बोटं सुजायला लागली तेव्हा दोन वर्षं आम्ही मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणत राहिलो. मग एकाने पुडी सांगितली. आठ दिवसांत बाई धुणं धुवायला लागली. आम्ही खूश. पुढं चेहरा सुजला, साखर वाढली. मोठ्या दवाखान्यात सांगितलं की अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. तिथंच संधिवाताचं निदान होऊन ही पिवळी गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात रोज एक, मग दर आठवड्याला एकेक वाढवत सकाळी दोन, रात्री दोन. एकदम पूर्ण दिली तर मळमळ, डोकेदुखी फार होते, म्हणून अशी चढवत नेतात. जेवणानंतर घ्यायची, अख्खी गिळायची, चावायची-कुटायची नाही. आणि पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर मूत्रपिंडात खडे धरू शकतात. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून दिलंय त्यांनी मात्र आधी विचारावं.

तिसऱ्या दिवशी बाई घाबरून आली. लघवी नारिंगी झाली. शेजारणीने सांगितलं, गोळीत रंग कालवलाय, किडनी जाईल. आम्ही डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी हसून सांगितलं की हा त्या गोळीचाच रंग. घामालाही येतो, कपड्यांना डाग पडतात, डोळ्यांत भिंगं घालणाऱ्यांची भिंगंही पिवळी होतात. घाबरायचं नाही. पण लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी यायचं. नारिंगी वेगळी आणि काळपट वेगळी, एवढा फरक ध्यानात ठेवा. काही जणांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची कमतरता असते. त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. आपल्या विदर्भाकडच्या समाजात सिकलसेल पुष्कळ आढळतो. तो आजार वेगळा, पण रक्ताचा कुठलाही आजार घराण्यात असेल तर डॉक्टरने विचारायची वाट पाहू नका, आपण होऊन सांगा. तसंच पूर्वी कधी सेप्ट्रानसारखी सल्फाची गोळी घेऊन अंगावर पुरळ आलं असेल, ॲस्पिरिन सोसत नसेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगायचं.

महिना झाला तरी बाईच्या बोटांना फरक नाही. म्हणाली, पैसे पाण्यात चाललेत, सोडते. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण ही काही डोकेदुखीची गोळी नव्हे. संधिवातात तिचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. आठव्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी डब्याचं झाकण स्वतः उघडलं. तोवर दम धरला म्हणून ते दिसलं.

आता रक्ततपासणी. यात आम्हा सर्वांचीच मोठी चूक होते. गोळी लागू पडली की लोक समजतात, आता कशाला सुई टोचून घ्यायची? बाजूच्या चाळीतल्या एका गृहस्थांना एका दवाखान्यात ही गोळी दिली. रक्त तपासायचं कोणी सांगितलं की नाही कोण जाणे, ते म्हणतात नाही सांगितलं. दुसरा महिना चालू होता. घसा धरला, ताप आला. पावसाळ्याचे दिवस, सगळ्यांनाच ताप होता. त्यांनी पाच दिवस तापाची गोळी घेतली आणि रात्रपाळी केली. सहाव्या दिवशी तोंडात फोड, पाणीही गिळवेना. नेलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली आलेल्या की डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर बोलावलं. बारा दिवस वेगळ्या खोलीत होते. वाचले. आज ते इथं बसले आहेत आणि त्यांनीच आम्हाला हे सांगायला लावलं.

असं क्वचित होतं. पण होतं तेव्हा बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी रक्त आणि लिव्हर तपासायचं, मग पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, पुढचे तीन महिने महिन्याला एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. तुमचे डॉक्टर थोडं पुढं-मागं सांगतील, ते ऐका. आणि तपासणीची तारीख लांब असली तरी घसा धरून ताप, तोंडात फोड, विनाकारण निळे डाग, अंगावर पुरळ, कातडी सोलवटणं, डोळे पिवळे होणं, यांतलं काहीही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि तोंडाने सांगायचं, मी सल्फासलाझिन घेतो. नुसतं ताप आलाय म्हणालात तर समोरचा तापाचीच गोळी देणार.

इथं आणखी एक. संधिवातात या गोळीबरोबर कधी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून रोज घेतली तर माणूस दगावतो. ज्यांच्या घरी आहे त्यांनी वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा आणि त्या पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहा.

आता जे सांगायचं ते अवघड आहे. माता-भगिनी बसल्या आहेत, पण त्यांच्यासाठीच सांगायला पाहिजे. आमच्या नात्यातला एक मुलगा, दुसऱ्या गावचा. त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या परवानगीने सांगतो. त्याला शौचातून रक्त जायचं. पाच-सहा महिने कोणाला बोलला नाही. लाज. मग मूळव्याध म्हणून एका वैदूकडून क्षार लावून घेतला. वजन पंधरा किलो उतरलं तेव्हा आईला कळलं. मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने तपासलं, तुकडा काढून पाहिला. आपल्या देशात आतड्याचा क्षयही असाच दिसू शकतो, म्हणून तो नाही ना हे आधी पाहिलं. निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस. हीच पिवळी गोळी दिली. त्याला ती छान लागू पडली. रक्त थांबलं, अंग भरलं. बरं वाटल्यावरही गोळी चालू ठेवायची असते, नाहीतर आजार उलटतो. तीही त्याने नेमाने घेतली. मग लग्न झालं.

तीन वर्षं मूल नाही. बोल कोणावर आला हे सांगायला नको. सुनेची सोनोग्राफी झाली, नळ्या तपासल्या, पुन्हा पुन्हा इंजेक्शनं झाली. तिच्यात काही दोष निघाला नाही, तरी दोष तिचाच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा आला, तिच्या दंडाला दोरा बांधला गेला. शेवटी तिला माहेरी पाठवायची बैठक बसली. त्या बैठकीला आम्ही होतो. विहारात स्त्री-पुरुष समतेवर बोलणारे आम्ही तिथं चहा पिऊन गप्प बसलो. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याची तपासणी करा असं आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. पोरगी आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती.

घरी परत आलो. काही दिवसांनी मंडळींच्या गोळीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून वाचायला घेतला. इंग्रजी अडलं, म्हणून शेजारच्या बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला बसवलं. ती वाचता वाचता एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, काका, हे तुम्हीच वाचा. तिथं लिहिलं होतं की ही गोळी घेणाऱ्या पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या कमी होते, त्यामुळे मूल होण्यात अडचण येते आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत होतं. आमच्या हातापायातलं बळच गेलं. मागून कळलं की १९७९ सालीच लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं आहे. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि त्या पोरीच्या दंडाला दोरा!

त्याच रात्री फोन केला. मुलाने आधी ऐकूनच घेतलं नाही. पुरुषाला हे ऐकवत नाही. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. तपासणी झाली, संख्या फार कमी. त्याच्या डॉक्टरांनी विचारलं, लग्न झाल्याचं मला का नाही सांगितलं? हा म्हणाला, तुम्ही विचारलं नाही. दोघांचंही खरं. डॉक्टरांनी सल्फासलाझिन बंद करून मेसालामिन दिलं. मघाशी नाव लक्षात ठेवा म्हणालो ते हेच. त्यात सल्फा नाही. हा परिणाम साधारण दोन-तीन महिन्यांत उतरतो. त्याचा चौथ्या महिन्यातला रिपोर्ट चांगला आला. पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. नामकरणाला आम्ही गेलो होतो. सुनेने पाया पडायला वाकू नये म्हणून आम्ही आधीच हात जोडले आणि तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही. मुलीला आमच्या मांडीवर ठेवलं.

म्हणून तरुणांनो, लग्न ठरलं असेल, मूल हवं असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. परस्पर गोळी बंद करू नका, नाहीतर आतडं पुन्हा रक्त गाळायला लागेल. आणि उलटा अर्थ काढून कोणी तिला कुटुंबनियोजनाची गोळी समजू नका, तसा भरवसा नाही.

बायकांना मूल होण्यात या गोळीने अडचण येत नाही. गरोदरपणातही ती सहसा चालू ठेवतात, कारण आजार उसळला तर आई आणि बाळ दोघांनाही त्याचा जास्त त्रास. मात्र ही गोळी शरीराला फॉलिक ॲसिड नीट मिळू देत नाही, म्हणून त्याची वेगळी गोळी देतात. ती चुकवायची नाही. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा.

कोलायटिसवाल्यांचे सांधेही पुष्कळदा दुखतात, आजार एकाच मुळाचा असतो. अशा वेळी आपण काय करतो? मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, ब्रुफेन. या गोळ्यांनी आतड्याचा आजार भडकू शकतो. पॅरासिटामॉल त्यामानाने बरी, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनीही सांगावं, कारण या गोळीमुळे ती अंगी कमी लागते. पाळीत काम करणाऱ्यांनी आपल्या पाळ्या डॉक्टरांना सांगून गोळीच्या वेळा बांधून घ्या. दिवसपाळीचा कागद रात्रपाळीला उपयोगी पडत नाही, हे आम्ही तीस वर्षं पाळ्या करून शिकलो आहोत.

खर्चाचं म्हणाल तर ज्यांचं कामगार विम्याचं कार्ड चालू आहे त्यांनी तिथं मागून घ्या, लाजू नका, पगारातून कापून घेतलेले पैसे आहेत ते. बाकीच्यांनी कंपनीचं नाव न घेता मूळ नावाने गोळी मागा. पुष्कळदा स्वस्त पडते.

आणि पोटाच्या आजाराची लाज. गुडघा दुखतो हे माणूस चार लोकांत सांगतो, शौचातून रक्त जातं हे बायकोलाही सांगत नाही. आपल्या वस्तीत सार्वजनिक संडासाची रांग. ज्याला दहा वेळा जावं लागतं त्याला लोक रांगेत काय काय बोलतात ते आम्ही ऐकलं आहे. त्या भिक्खूला पाणी ओतून धुणारे भगवान आपले गुरू आणि आपण रांगेत हसतो. आमची कमिटीला सूचना आहे की ज्यांनी सांगितलं आहे अशा माणसांना रांगेत पुढं सोडायचं. कारण विचारायचं नाही.

आम्ही चार-पाच जणांनी एक वही केली आहे. ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांच्या रक्ततपासणीच्या तारखा तीत लिहितो. दर रविवारी वंदनेनंतर ती बी.एस्सी.वाली मुलगी अर्धा तास बसते, कोणाची तारीख आली ते सांगते, खोक्यातला कागद वाचून दाखवते. आजाराचं नाव लिहायचं नसेल तर नुसती तारीख लिहा. आजवर सात नावं आहेत. आमच्या माहितीत गोळी घेणारे अकरा आहेत. उरलेल्या चौघांनी पुढच्या रविवारी यावं, येताना रिपोर्ट, गोळीचं पाकीट आणि चष्मा घेऊन यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!